प्रस्तावना : भार पेलणारा तळ

बाळंतपणानंतर अंग बाहेर येणे, खोकताना-शिंकताना लघवी सुटणे, शौचाच्या वेळी बोटाने आधार द्यावा लागणे, अशा तक्रारी घेऊन आलेल्या बाईला आपल्याकडे बहुधा दोनांपैकी एक उत्तर मिळते. वयोमानाने असे होतेच, हे पहिले. पिशवी काढून टाकू, हे दुसरे. पहिल्यात कारण सांगितलेले नाही आणि दुसऱ्यात ते शोधलेले नाही. या पुस्तकात ज्या अभ्यासाची ओळख करून दिली आहे, तो नेमका या कारणाच्या मागे लागलेला आहे. एमआरआय आणि त्रिमितीय सोनोग्राफी यांनी जिवंत बाईच्या ओटीपोटाचा तळ पाहायचा, त्या प्रतिमांवरून संगणकात त्याचे मॉडेल उभे करायचे आणि त्या मॉडेलवर भार टाकून काय ताणले जाते, काय तुटते, काय खाली सरकते हे तपासायचे, अशी ही पद्धत आहे. या तक्रारी मुळात भार पेलणाऱ्या रचनेच्या बिघाडाच्या आहेत. ती रचना कुठे आणि का निकामी झाली हे न कळता केलेली दुरुस्ती हा एक अंदाज असतो, आणि आजवर तो अंदाज बरोबर की चूक हे बायकांच्या शरीरावरच ठरत आले. आता तो आधी दुसरीकडे तपासता येतो. येतो म्हणूनच तपासला पाहिजे, हे या प्रस्तावनेत मला पटवून द्यायचे आहे.

ओटीपोटाचा तळ म्हणजे काय, हे आधी पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. माणूस उभा राहतो तेव्हा पोटातल्या अवयवांचे वजन, आणि खोकला, जोर, ओझे यांनी वाढणारा पोटातला दाब, हे दोन्ही खालच्या उघड्या बाजूवर येतात. तिथे हाड नाही. आहे तो स्नायूंचा आणि चिवट तंतूंच्या पडद्यांचा तळ. पुढे जघनाच्या हाडाच्या आतल्या बाजूपासून निघून मागे गुदाशयाला वळसा घालणारा आणि माकडहाडापर्यंत पसरलेला लेव्हेटर एनाय हा त्यातला मुख्य स्नायू. दंडाचा स्नायू कामापुरता आवळतो आणि मग सैल पडतो. हा मात्र झोपेतही थोडा आवळलेला राहतो आणि मूत्रमार्ग, योनी व गुदमार्ग ज्या फटीतून बाहेर येतात ती फट मिटवून धरतो. याच फटीतून बाळाचे डोके बाहेर यायचे असते. मिशिगन विद्यापीठातले जॉन डीलान्सी यांनी १९९२ साली योनीच्या आधाराचे तीन स्तर मांडले. वरचा भाग बंधांनी मागे, कण्याच्या खालच्या टोकाकडे टांगलेला. मधला भाग दोन्ही बाजूंच्या भिंतींना जोडलेला. खालचा भाग योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या घट्ट मांसल जागेत रुतलेला. बंध आणि स्नायू यांचा संबंध सांगताना या क्षेत्रात धक्क्याला बांधलेल्या होडीचा दाखला देतात. पाणी होडीला उचलून धरते तोवर दोरांवर फारसा भार नसतो. पाणी ओसरले की सगळे वजन दोरांवर येते आणि ते हळूहळू ताणले जाऊन तुटतात. स्नायू म्हणजे ते पाणी आणि बंध म्हणजे दोर. हे लक्षात घेतले की दोर पुन्हा घट्ट करून दिले तरी काही वर्षांनी तीच तक्रार का परत येते, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आणि ती परत येते. १९९७ साली अमेरिकेत ओरेगॉन भागातल्या एका मोठ्या आरोग्ययोजनेच्या नोंदींवरून एक हिशेब प्रसिद्ध झाला. वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत अंग बाहेर येणे किंवा लघवी सुटणे यासाठी शस्त्रक्रिया होण्याची शक्यता ११.१ टक्के निघाली; आणि ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या त्यांतल्या २९.२ टक्के स्त्रियांवर ती पहिली नव्हती, पुन्हा केलेली होती. हे सगळे शल्यविशारद हातचे कच्चे होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे अडचण अशी होती की तपासणीत जे दिसते ते बिघाडाचे फळ असते. योनीची पुढची भिंत किती उतरली, मागची किती, गर्भाशयाचे तोंड कुठवर आले, हे सेंटिमीटरमध्ये नोंदवण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत १९९६ साली ठरली आणि तिचा मोठा उपयोग झाला. मात्र ती उतरलेल्या भागाचे माप सांगते. त्याला कशाने धरून ठेवले होते आणि त्यातले काय सुटले, हे सांगत नाही. मूत्राशय खाली आलेल्या दोन बायकांचे माप सारखे असू शकते. एकीचा वरचा बंध ढिला झालेला असेल, दुसरीचा स्नायू हाडापासून सुटलेला असेल. दोघींना एकच शस्त्रक्रिया सुचवली जाते.

स्नायू हाडापासून सुटतो, ही गोष्टच मुळात प्रतिमांनी ठळकपणे पुढे आणली. २००३ साली डीलान्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपण न झालेल्या ८० आणि एकदाच योनीमार्गे बाळंत झालेल्या १६० स्त्रियांचे एमआरआय ताडून पाहिले. पहिल्या गटात लेव्हेटर स्नायूचा दोष एकीतही दिसला नाही; दुसऱ्या गटात ३२ जणींमध्ये, म्हणजे पाचांत एकीला, तो दिसला. दोन वर्षांनी सिडनीत हान्स पीटर डीट्झ यांनी त्रिमितीय सोनोग्राफीने पहिल्या बाळंतपणाआधी आणि नंतर त्याच स्त्रियांना तपासले. योनीमार्गे बाळंत झालेल्या ३९ जणींपैकी १४ जणींत स्नायू जघनाच्या हाडापासून निसटलेला होता. हे दोन आकडे सारखे नाहीत, आणि गट लहान असल्यामुळे ते तसे असणे स्वाभाविक आहे. महत्त्वाचे हे की प्रसूतिगृहात टाके घालताना जी इजा डोळ्यांना दिसत नाही, जिच्यावर योनीची त्वचा बहुतेक वेळा शाबूत असते, ती प्रत्यक्ष होते याचा पुरावा मिळाला. पुढे २००७ साली मिशिगनच्याच गटाने दाखवले की अंग बाहेर आलेल्या स्त्रियांपैकी ५५ टक्के जणींत या स्नायूचे मोठे दोष आहेत, तर तशी तक्रार नसलेल्यांत ते १६ टक्के आहेत. या १६ टक्क्यांकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

ही सोनोग्राफी होते कशी, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण 'तपासणी' म्हटले की बायकांच्या पोटात गोळा येतो. मूत्राशय रिकामे करून बाई पाठीवर, गुडघे दुमडून झोपते. पोट तपासायला वापरतात तसाच वक्र प्रोब, वर स्वच्छ आवरण चढवून, बाहेरूनच योनीमुखावर टेकवतात. आत काही घालावे लागत नाही. पडद्यावर एका बाजूला जघनाच्या हाडाचा सांधा, त्याच्यामागे मूत्राशय आणि मूत्रमार्ग, मग योनी, मग गुदमार्गाचा कोन, असे सगळे एका रांगेत दिसते. मग तिला शौचाला जोर करतात तसा जोर करायला सांगतात, आणि त्यानंतर लघवी रोखून धरतात तसे आवळायला. जोर करताना मूत्राशयाची मान किती खाली घसरते, फट किती रुंदावते, हे त्याच क्षणी दिसते. नंतर त्रिमितीय नोंदीतून आडवा छेद काढला की इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा स्नायू समोर येतो. धडधाकट स्नायूची दोन्ही टोके हाडाला भिडलेली असतात. सुटलेल्या बाजूला हाड आणि स्नायू यांच्यामध्ये काळी मोकळी जागा दिसते. जोर करताना फटीचे क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाले तर तळ बेताबाहेर सैलावला आहे, असे धरतात. सगळे मिळून काही मिनिटांचे काम. ज्या बाईला वर्षानुवर्षे 'तुला काही झालेले नाही' असे ऐकावे लागले, तिला आपल्या त्रासाचे ठिकाण बोट ठेवून दाखवता येते.

पण प्रतिमा झालेली इजा दाखवते. ती इजा का झाली, हे त्या चित्रात नसते. बाळंतपण चालू असताना आईच्या स्नायूत किती ओढ बसते, हे मोजायला तिथे कुठले उपकरण लावणार? तसे करणे शक्य नाही आणि योग्यही नाही. इथे मॉडेल लागते. २००४ साली मिशिगनच्या अभियंत्यांनी आणि डॉक्टरांनी एका निरोगी, बाळंतपण न झालेल्या ३४ वर्षांच्या स्त्रीच्या एमआरआयवरून हाडे आणि लेव्हेटर स्नायूचे पट्टे संगणकात उभे केले. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याएवढा गोल प्रसूतीच्या वक्र वाटेने एकेक टप्पा खाली सरकवला आणि प्रत्येक पट्ट्याची लांबी मूळच्या किती पट झाली ते मोजले. सगळ्यांत आतल्या, जघनाच्या हाडाला चिकटलेल्या पट्ट्याची लांबी ३.२६ पट झाली. गर्भारपण नसताना हाडांना जोडलेला स्नायू इजा न होता साधारण दीडपट ताणला जातो, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले होते. प्रतिमांत जो भाग हाडापासून सुटलेला दिसत होता, तोच भाग या हिशेबात सर्वाधिक ताणला जात होता. दोन वेगवेगळ्या वाटांनी निघालेली माणसे एकाच जागी येऊन पोचली, हा या क्षेत्रातला माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा आहे. शिवाय डोक्याचा व्यास ९ टक्क्यांनी वाढवला की ताणही त्याच प्रमाणात वाढतो, हेही त्यातून कळले. नंतर पोर्तुगालमधल्या पोर्तो येथे आणि अमेरिकेत इतर ठिकाणी फायनाइट एलिमेंट पद्धतीची मॉडेले आली. विमानाचे पंख आणि पुलाचे खांब तपासणारी ही पद्धत रचनेचे हजारो छोटे घटक करते, प्रत्येक घटकाला त्याचा ताठरपणा आणि लवचिकपणा देते आणि भार कुठून कुठे वाहतो याचा हिशेब मांडते.

यावर पहिला आक्षेप चटकन सुचतो आणि तो वजनदार आहे. एका बाईच्या चित्रावरून, डोके म्हणजे एक कडक गोल धरून, स्नायू म्हणजे पट्टे धरून काढलेला आकडा साऱ्या बायकांना कसा लावायचा? बाळाचे डोके प्रसूतीत आकार बदलते. गर्भारपणात आईच्या ऊती मऊ होतात. एमआरआय झोपवून काढलेला असतो आणि अंग उतरते ते दिवसभर उभे राहिल्यावर. हे सगळे खरे आहे. ३.२६ हा आकडा निसर्गाचा स्थिरांक मानू नये. पण याच आक्षेपाचा पुढचा प्रवास बघितला की मॉडेलचा खरा उपयोग ध्यानात येतो. दीडपटीची मर्यादा खरी असती तर योनीमार्गे बाळंत होणाऱ्या प्रत्येक बाईचा स्नायू तुटायला हवा होता; प्रत्यक्षात बहुसंख्य बायकांचा तुटत नाही. म्हणजे गर्भारपणात त्या स्नायूत काहीतरी बदलत असले पाहिजे. सॅन डिएगोच्या मारियाना अल्पेरिन यांनी २०१५ साली उंदरांवर दाखवले की गर्भारपणी तळाच्या स्नायूंचे तंतू नवे घटक जोडून घेऊन लांब होतात. पायाच्या स्नायूत तसा बदल होत नाही. शरीर येणाऱ्या ताणाची आधीपासून तयारी करत असते. मॉडेलचा आकडा आणि प्रत्यक्ष यांच्यात फट पडली, आणि त्या फटीमुळे नेमका प्रश्न विचारता आला. डॉक्टरच्या मनातला अंदाजही एक मॉडेलच असतो. पण त्याने काय काय गृहीत धरले आहे ते कुठे लिहिलेले नसते, म्हणून तो चुकला तरी कुठे चुकला हे सापडत नाही. संगणकातल्या मॉडेलमध्ये प्रत्येक गृहीतक आकड्यात मांडावे लागते. कोणीही ते बदलून पाहू शकतो आणि खोडून काढू शकतो.

शस्त्रक्रियेच्या विचारात यामुळे काय बदलले, याचे एक उदाहरण देतो. मूत्राशयाच्या बाजूची भिंत उतरली की ती भिंतच दुमडून शिवायची, ही जुनी रीत. मिशिगनच्या ल्युयुन चेन यांनी २००६ मध्ये मॉडेलमध्ये एकेक आधार पाळीपाळीने ढिला करून पाहिला. स्नायू कमजोर केला तर भिंत थोडी उतरते, वरचा बंध ढिला केला तर थोडी उतरते. दोन्ही एकदम केले की ती फार उतरते. त्याच सुमारास स्त्रियांच्या एमआरआयवरून असे दिसले की पुढच्या भिंतीच्या उतरण्यातला जवळपास निम्मा वाटा वरचा आधार खाली येण्याचा असतो. म्हणजे भिंत कितीही नेटकी शिवली तरी वरचा दोर तुटलेला राहिला तर काम अर्धे झालेले असते. महाराष्ट्रासाठी हा मुद्दा पुस्तकी नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी आली: ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. त्यामागची कारणे मुकादमाच्या उचलीपासून खासगी दवाखान्यांपर्यंत पसरलेली आहेत आणि त्यांवर बरेच लिहिले गेले आहे. मला इथे यंत्रशास्त्राची बाजू मांडायची आहे. गर्भाशय काढताना योनीचा वरचा भाग ज्या बंधांना टांगलेला असतो ते कापावे लागतात, आणि ते पुन्हा नीट जोडले नाहीत तर वरचा स्तर जातो. डीलान्सींचा १९९२ चा तो निबंध मुळात याच प्रश्नावर होता: पिशवी काढल्यानंतर योनी उलटून बाहेर का येते? पिशवी काढून ही बाई पुन्हा फडात जाते आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. तिच्या पोटातला प्रत्येक दाब मग त्या सुटलेल्या जागेवर येतो.

आणि आधार जपायचा विचार आपल्याकडे नव्हता असेही नाही. गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. वि. ना. शिरोडकर जगाला गर्भाशयाच्या तोंडाच्या टाक्यामुळे माहीत आहेत. पण तरुण वयात अंग बाहेर आलेल्या, मूल हवे असलेल्या स्त्रियांसाठी पिशवी न काढता ती पट्टीने मागे कण्याच्या टोकाला टांगण्याची त्यांची शस्त्रक्रिया तितकीच महत्त्वाची आहे. मुंबईचीच पुरंदऱ्यांची सर्व्हायकोपेक्सी हाच आधार पुढे, पोटाच्या भिंतीला देते. एकीत ओढ मागे जाते, दुसरीत पुढे. जोर केल्यावर दाब कुठल्या भिंतीवर जास्त येईल, पट्टीत किती ताण राहील, गर्भारपणात पिशवी वाढताना त्या ताणाचे काय होईल, या प्रश्नांवर मुंबईच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी पिढ्यान् पिढ्या अनुभवाने वाद घातला आहे. हे प्रश्न मॉडेलसाठी तयार होऊन बसलेले आहेत.

अंदाजाने पुढे गेल्यास काय होते, याचा धडा पाश्चात्त्य देशांनी फार महागात घेतला. हर्नियासाठी वापरली जाणारी पॉलिप्रॉपिलीनची जाळी अंग उतरण्यावरही चालेल, या तर्काने ती योनीमार्गे बसवण्यासाठी पुढे आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली या कामासाठी पहिल्या जाळीला परवानगी दिली. ती आधीच्या उत्पादनांशी पुरेशी मिळतीजुळती आहे, एवढ्या आधारावर ही परवानगी मिळाली. नव्या जागी ती कशी वागेल याची मोठी चाचणी त्यासाठी लागली नाही. काही वर्षांत तक्रारींचा ढीग पडला: जाळी योनीच्या भिंतीतून वर येणे, न थांबणारे दुखणे, संबंधाच्या वेळी वेदना, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया. २०११ मध्ये प्रशासनाने जाहीर केले की गंभीर गुंतागुंत ही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि एप्रिल २०१९ मध्ये अंग उतरण्यासाठी योनीमार्गे बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवायचा आदेश दिला. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनने त्याआधीच पावले उचलली होती. लघवी सुटण्यासाठी मूत्रमार्गाखाली बसवायची पट्टी आणि पोटातून बसवायची जाळी यांचा हिशेब वेगळा आहे, त्यांची गल्लत करू नये. पण योनीमार्गे बसवलेल्या जाळीचे काय चुकले? पिट्सबर्गमधल्या स्टीव्हन अब्रामोविच आणि पामेला मोअली यांच्या गटाने प्रयोगशाळेत आणि संगणकात दाखवले की विणलेली जाळी एका दिशेने ओढली की तिची भोके लांबट होत होत मिटतात. भोके पुरेशी मोठी असतील तरच ऊती त्यांतून नीट वाढतात; मिटली की भोवती जाड वण धरतो. माकडिणींवरच्या त्यांच्या प्रयोगांत असेही दिसले की जाळी फार ताठ असेल तर भार तीच उचलते आणि खालची योनीची भिंत झिजत जाते. जाळीचा तुकडा दोन टोकांना धरून ओढणे आणि भोकांकडे पाहणे, एवढी ही परीक्षा होती. ती हजारो बायकांच्या शरीरात जाळी गेल्यावर झाली. मॉडेल महाग पडते असे म्हणणाऱ्याने त्या शस्त्रक्रियांची, त्या दुखण्याची किंमतही मांडून पाहावी.

दुसरा आक्षेप प्रसूतितज्ज्ञांकडून येतो आणि मला तो पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. योनीमार्गे प्रसूतीत स्नायू सुटतो हे सांगत सुटलात तर भीतीपोटी सिझेरियन आणखी वाढतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात २१.५ टक्के आणि महाराष्ट्रात २५.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. देशातल्या खासगी रुग्णालयांत तर ४७.४ टक्के. या ओघाला आणखी एक निमित्त द्यायचे का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते याच अभ्यासातून निघते. सिझेरियनने स्नायूची ही इजा टळते हे खरे, पण पुढच्या गर्भारपणात वार खाली रुजणे, जुन्या व्रणात घुसणे, जिवावर बेतणारा रक्तस्राव, या धोक्यांची भर पडते. आणि ज्या बहुसंख्य जणींचा स्नायू एरवी धड राहिला असता त्यांचेही पोट विनाकारण कापले जाते. अभ्यास सांगतो ते याहून बारीक आहे. स्नायू सुटण्याचा धोका सर्वांत जास्त वाढतो तो चिमटा लावल्याने; व्हॅक्यूमने तितका वाढत नाही. पहिल्या बाळंतपणी वय जास्त असणे आणि बाळाचे डोके मोठे असणे हेही धोके आहेत. म्हणजे शिकण्यासारखे आहे ते प्रसूतीच्या शेवटच्या तासाबद्दल: कोणते हत्यार उचलायचे, किती घाई करायची, डोके बाहेर येताना ऊतींना सैलावायला वेळ द्यायचा की नाही. हे लपवून ठेवून सिझेरियन कमी होणार नाहीत. आणि स्वतःच्या शरीराची माहिती बाईपासून लपवून ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा एक तरी आजार होता आणि पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. जिथे साधी तपासणी होत नाही तिथे एमआरआय आणि संगणकाच्या गोष्टी कशाला, असे कोणी विचारले तर रागावण्याचे कारण नाही. पण मॉडेल प्रत्येक बाईचे करायचे नसते. ते एकदा नीट करून, पडताळून, त्यातून निघालेला नियम आरोग्य केंद्रापर्यंत न्यायचा असतो. स्नायू हाडापासून सुटला आहे हे प्रतिमेने शिकवल्यावर प्रशिक्षित बोटालाही ते तपासणीत कळते, आणि बोटाला वीज लागत नाही. तळाच्या व्यायामाने लघवी सुटण्यावर चांगला फरक पडतो हे सिद्ध आहे. पण आवळायला सांगितल्यावर बाई खाली जोर तर करत नाही ना, हे सोनोग्राफीच्या पडद्यावर तिला स्वतःला पाहता येते. योनीत आधारासाठी रिंग पेसरी बसवून अनेकींना शस्त्रक्रियेविना दिलासा मिळतो. फट फार रुंद असेल तर पेसरी टिकत नाही, याचाही अंदाज आधी घेता येतो. खरी अडचण वेगळीकडे आहे. सोनोग्राफीचे यंत्र आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कक्षेत येते. महाराष्ट्राने देशात सर्वांआधी, १९८८ साली, असा कायदा केला आणि केंद्राचा कायदा १९९४ चा. मुलींचे जीव वाचवणारा हा कायदा सैल करा असे मी मुळीच म्हणणार नाही. पण नोंदणीकृत जागेबाहेर, नोंदणीकृत डॉक्टरखेरीज कोणी यंत्र हाताळायचे नाही, या नियमामुळे फिजिओथेरपिस्टला किंवा परिचारिकेला ते वापरता येत नाही. गर्भ पाहू न शकणारी, फक्त तळाच्या तपासणीपुरती मर्यादित व्यवस्था निघू शकते का, याचा विचार शासनाने तज्ज्ञांना घेऊन करायला हवा.

एक सावधगिरी मात्र मला जरूर सांगायची आहे. वर जे १६ टक्के आले ते अशा बायका आहेत की ज्यांच्या स्नायूत मोठा दोष आहे आणि ज्यांचे अंग उतरलेले नाही. पडद्यावर काळी जागा दिसली म्हणून तक्रार नसलेल्या बाईला रोगी ठरवणे, किंवा चित्र स्वच्छ आले म्हणून त्रास होत असलेल्या बाईला खोटे पाडणे, या दोन्ही चुका सारख्याच घातक आहेत. सुटलेला स्नायू पुन्हा हाडाला शिवून फायदा होतो हे अजून सिद्ध झालेले नाही. तेव्हा दोष दिसला की कापायचे, असा उत्साहही नको. बाईने सांगितलेला त्रास हीच उपचाराची सुरुवात, आणि प्रतिमा त्याचे कारण शोधण्यासाठी.

आता उरतो प्रश्न कोणाच्या शरीराचा. या पुस्तकात ज्या मॉडेलांची चर्चा आहे ती बहुतांशी मिशिगन, पिट्सबर्ग, पोर्तो आणि सिडनी इथल्या स्त्रियांच्या प्रतिमांवर उभी आहेत. कमी वयात बाळंतपण, लोहाची कमतरता, दोन बाळंतपणांत थोडे अंतर, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत पुन्हा पाण्याचा हंडा किंवा उसाची मोळी, असे आयुष्य त्यांत मोजलेले नाही. पोटातला दाब हाच ज्या गणिताचा गाभा, त्यात आपल्या बायकांच्या ओझ्याचा आकडा नसणे ही मोठी उणीव आहे. परळचे केईएम रुग्णालय आणि पवईची आयआयटी एकाच शहरात आहेत. एकीकडे दर वर्षी हजारो प्रसूती होतात आणि दुसरीकडे फायनाइट एलिमेंट शिकवले जाते. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यातली बांबोळी इथेही वैद्यकीय महाविद्यालये आणि अभियांत्रिकी महाविद्यालये एकमेकांपासून फार दूर नाहीत. माझी विनंती या संस्थांमधल्या तरुण डॉक्टरांना आणि अभियंत्यांना आहे. पहिल्या बाळंतपणानंतरच्या तपासणीला आलेल्या आईच्या टाक्यांकडे आणि बाळाच्या वजनाकडे पाहून थांबू नका. लघवी सुटते का, खाली जड वाटते का, हे तिला विचारा. ती हो म्हणाली तर तळ तपासा, तिची संमती घेऊन नोंद ठेवा, आणि ती नोंद शेजारच्या महाविद्यालयातल्या अभियंत्यापर्यंत पोचवा.